नॉमिनी मी, वारस दुसरंच कुणी

मावशी 2025 च्या दिवाळीनंतर गेली. मूलबाळ नव्हतं, काका 2009 सालीच गेलेले. तिच्या मागे राहिलं ते एवढं : इंदूरच्या लोकमान्य नगरातलं शिक्षिकेच्या पगारातून बांधलेलं बैठं घर, बँकेतल्या काही मुदत ठेवी, लॉकरमधल्या पाटल्या आणि मोहनमाळ, आणि ग्वाल्हेरला आजोबांच्या घरातला तिचा हिस्सा. हा हिस्सा कागदावर कुणी वेगळा काढलाच नव्हता. मृत्युपत्र नव्हतं. विषय निघाला की ती म्हणायची, "लिहू गं, मी काय उद्या चाललेय?"

ठेवींवर आणि लॉकरवर नॉमिनी म्हणून माझं नाव होतं. तिच्या दृष्टीने तेवढ्यात सगळं झालं होतं. "माझं सगळं हिच्या नावावर केलंय," असं ती शेजारणींनाही सांगायची. तेराव्याला जमलेल्या एकालाही यात काही वावगं वाटलं नाही. शेवटची चार वर्षं तिची औषधं, डोळ्यांचं ऑपरेशन, घरपट्टी, गॅस सगळं मीच बघत होते. मग ते माझ्याकडेच येणार, यात बोलायचं काय?

पहिलं काम मृत्यूच्या दाखल्याचं. रामबाग मुक्तिधामाची पावती होती, नगर निगमात नोंद झाली, दाखला हातात आला. अडचण निघाली नावाची. लग्नात सासरच्यांनी मावशीचं नाव बदललं होतं. शाळेच्या कागदांत माहेरचं नाव आणि सासरचं आडनाव, आधारवर सासरचं नाव, आणि सर्वांत जुन्या ठेवीच्या पावतीवर माहेरचं नाव, माहेरचं आडनाव. आपल्याकडच्या त्या पिढीतल्या किती बायकांची कागदपत्रं अशी दोन-तीन बायकांची असल्यासारखी दिसत असतील! जिल्हा न्यायालयाबाहेर नोटरीकडून 'या तिन्ही नावांची व्यक्ती एकच' असं शपथपत्र करून घेतलं. त्याला लग्नाची पत्रिका जोडली. पत्रिका आईच्या ट्रंकेत सापडली, तीही तिने कसल्याशा पाककृती मागच्या कोऱ्या बाजूला लिहिल्या होत्या म्हणून टिकलेली.

बँकेचं नाव लिहीत नाही. काउंटरवरच्या मुलाने फॉर्म दिले आणि सोबत यादी दिली : वारस प्रमाणपत्र, क्षतिपूर्ती बंधपत्र (पुढे दुसऱ्या कुणी हक्क सांगितला तर बँकेचं नुकसान भरून देऊ, असं लिहून देणं), दोन जामीनदार. मी विचारलं, नॉमिनी असताना हे कशाला? तो म्हणाला, "मॅडम, रक्कम मोठी आहे ना." नॉमिनी असेल तर कोर्टाचं उत्तराधिकार प्रमाणपत्र, बंधपत्र, जामीन यांतलं काहीही मागू नये, हे रिझर्व्ह बँकेने 2005 सालीच बँकांना सांगून ठेवलंय. 26 सप्टेंबर 2025 ला तिने मृत खातेदारांच्या दाव्यांबद्दल नवे एकत्रित निर्देश काढले. त्यांतही तेच आहे, रक्कम कितीही असो. दावा अर्ज, मृत्यूचा दाखला आणि नॉमिनीचं ओळखपत्र, बस. कागद पूर्ण झाल्यापासून पंधरा दिवसांत निकाल लावायचा, ठेवीच्या बाबतीत उशीर झाला तर बँक रेटच्या (रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या दराच्या) वर 4 टक्के व्याज द्यायचं आणि लॉकरच्या बाबतीत झाला तर दर दिवसाला 5,000 रुपये. बँकांना हे लागू करायला 31 मार्च 2026 पर्यंतची मुदत होती. त्यामुळे शाखेतल्या मॅनेजरबाईंचं पहिलं उत्तर आलं की आमच्याकडे अजून सर्क्युलर आलेलं नाही. मी 2005 चा दाखला लेखी अर्जात घातला, अर्जाच्या प्रतीवर पोच घेतली. पुढच्या खेपेला जामीनदारांची मागणी आपोआप गळाली. तोंडी भांडणापेक्षा पोच घेतलेला कागद बँकेत जास्त चालतो, हे मला भाच्याच्या शिक्षणकर्जाच्या वेळीच कळलं होतं.

ज्यांच्या घरात नॉमिनीच नाही त्यांच्यासाठी सांगते. नव्या निर्देशांत 15 लाखांपर्यंतच्या दाव्याला (सहकारी बँकेत 5 लाख) कोर्टाचा कागद लागत नाही. बंधपत्र आणि बाकीच्या वारसांची ना हरकत यांवर भागतं. त्याच्या वर मात्र सोपी वाट नाही.

तर दावा अर्ज भरायला बसले. सही करण्याआधी वाचायची सवय आहे. एका ओळीशी थांबले. त्या ओळीचा मतलब असा होता की ही रक्कम मी मृत खातेदाराच्या कायदेशीर वारसांची विश्वस्त म्हणून स्वीकारते आहे.

विश्वस्त. म्हणजे पैसे माझ्या हातात येणार, पण माझे नाहीत. मग कुणाचे?

मॅनेजरबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "अहो, सगळेच सही करतात." मी सही केली, पैसे वेगळ्या खात्यात जमा करायला सांगितले आणि वकील शोधायला निघाले.

जिल्हा न्यायालयात विधिक सेवा प्राधिकरण असतं, तिथे मोफत वकील मिळतो, हे पुष्कळांना ऐकून माहीत असतं. पण तो फक्त गरिबांसाठी, असा समज आहे. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे बाईला उत्पन्नाची अट नाही. बाई आहे एवढं पुरे. 15100 या हेल्पलाइनवरही ते सांगतात. मला पॅनलवरच्या ज्या वकीलबाई मिळाल्या त्या अस्सल इंदुरी. निम्मं मराठी, निम्मं हिंदी, आणि समोरच्याला बसवून घेण्याआधी चहा. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "मावशीच्या नवऱ्याकडचं कोण कोण आहे?"

"आमच्याकडचं म्हणजे माझी आई आहे, मामा आहे..."

"ते नंतर. नवऱ्याकडचं सांगा."

हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956. पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर कलम 8, बाई गेली तर कलम 15. बाईसाठी रांग अशी : पहिल्यांदा मुलं आणि नवरा. ते नसतील तर नवऱ्याचे वारस. ते कुणीच नसतील तर तिचे आईवडील. त्यानंतर वडिलांचे वारस, आणि सगळ्यांत शेवटी आईचे वारस. मावशीने स्वतःच्या पगारातून बांधलेलं घर, स्वतःच्या पेन्शनमधून टाकलेल्या ठेवी. यांवर तिच्या सख्ख्या बहिणीच्या आधी कायदा तिच्या नवऱ्याचे नातेवाईक शोधत जातो. माझी आई तर त्या रांगेत इतकी मागे आहे की तिचा नंबर येणं म्हणजे नवऱ्याकडे चिटपाखरूही उरलेलं नसणं.

"आणि नॉमिनी?" मी विचारलं.

"नॉमिनी म्हणजे पैसे सोपवायला बँकेने धरलेला माणूस. बँक सुटते, मालकी ठरत नाही." ठेवींच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हे 2010 मध्ये रामचंदर तलवार खटल्यात सांगितलंय. शेअरच्या बाबतीत 14 डिसेंबर 2023 ला शक्ती येझदानी खटल्यात. विम्यात थोडा फरक आहे. 2015 च्या दुरुस्तीनंतर नॉमिनी आई, वडील, नवरा, बायको किंवा मुलं यांपैकी असेल तर ते पैसे त्याचेच होतात. बहिणीची मुलगी त्या यादीत नाही.

मला राग आला होता, तो लपवला नाही. वकीलबाईंनी मग ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण या 2009 च्या निकालाची हकिकत सांगितली. नारायणी देवी नावाची बाई. लग्नानंतर तीन महिन्यांत नवरा साप चावून गेला, सासरच्यांनी हाकलून दिलं. माहेरच्यांनी शिकवलं, नोकरी केली, बऱ्यापैकी पैसा साठवला. 1996 मध्ये मृत्युपत्र न करता गेली. आणि तो पैसा सर्वोच्च न्यायालयाने नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना दिला, कारण कलम 15 मध्ये तसं लिहिलंय आणि सहानुभूतीवरून कायदा वळवता येत नाही. त्याच्या आदल्या वर्षीच विधी आयोगाने आपल्या 207 व्या अहवालात या कलमात बदल सुचवला होता. बदल झालेला नाही. 2012 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी हे कलम भेदभाव करणारं असल्याचं म्हटलं. मावशी गेल्यानंतर काही आठवड्यांतच, 19 नोव्हेंबर 2025 ला, सर्वोच्च न्यायालयापुढे पुन्हा हाच प्रश्न आला. न्यायमूर्ती नागरत्ना आणि महादेवन यांच्या पीठाने कलमाच्या वैधतेचा निकाल दिला नाही. पण सगळ्या स्त्रियांनी, विशेषतः ज्यांना पुढे अशी वेळ येऊ शकते त्या हिंदू स्त्रियांनी, मृत्युपत्र करावं असं आवाहन केलं. कायदा करणाऱ्यांनी बदल करायचा नाही, कोर्टाने निकाल द्यायचा नाही, आणि बायकांनी सावध राहायचं. माझं मत विचाराल तर ही वाटणी काही बरी नाही.

आता नवऱ्याकडचे कोण? काकांना एक भाऊ होता, तोही गेलेला. त्याचे दोन मुलगे, म्हणजे मावशीचे पुतणे. एक देवासला, दुसरा पुण्यात. देवासच्या पुतण्याला कलम 15 माझ्या आधी माहीत झालं होतं. तेराव्यानंतर पंधरवड्यातच त्याचा फोन. "ताई, तुम्ही खूप केलंत काकूचं, आम्ही विसरणार नाही. पण घर आणि बाकीचं आमच्या खानदानाचं आहे, तर चाव्या केव्हा देताय?" काकूला तो शेवटचा भेटला तो त्याच्या मुलीच्या बारशाचं आमंत्रण द्यायला. ती मुलगी आता कॉलेजात आहे.

मी हे वकीलबाईंना सांगितलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "काकांना बहीण नाही?"

आहे की. मावशीची नणंद, ग्वाल्हेरला लेकीकडे असतात. मावशी त्यांना वन्सं म्हणायची, आम्ही सगळे आत्या म्हणतो. चौऱ्याऐंशीच्या आहेत, ऐकू कमी येतं.

वकीलबाईंनी कायद्याचं मागचं पान काढलं. तिथे एक अनुसूची आहे. कलम 16 म्हणतं की अशा वेळी मालमत्ता नवऱ्याचीच होती आणि तो बायकोनंतर लगेच मृत्युपत्र न करता गेला, असं धरून चालायचं. म्हणजे सोळा वर्षांपूर्वी गेलेल्या काकांना कायद्याने मावशीच्या मागे क्षणभर जिवंत ठेवलं आणि मग त्यांचे वारस मोजले. वर्ग एकमध्ये मुलं, बायको, आई वगैरे. त्यांपैकी कुणी नाही. वर्ग दोनमध्ये नोंदी आहेत. पहिल्या नोंदीत वडील. दुसऱ्या नोंदीत भाऊ आणि बहीण, त्यांच्याबरोबर मुलाच्या मुलीची मुलं. भावाचे मुलगे थेट चौथ्या नोंदीत. आणि नियम असा की वरच्या नोंदीत एक जरी माणूस जिवंत असला तरी खालच्या नोंदींतल्या कुणालाही काहीच मिळत नाही. वाटणी नाही, हिस्सा नाही, शून्य.

म्हणजे घर, ठेवी, सगळ्याच्या एकट्या वारस आत्या. पुतण्याचा 'खानदान' हा शब्द अनुसूचीत कुठेच बसत नव्हता.

दागिन्यांचं ऐकून आई मात्र चिडली. पाटल्या तिच्या आईने, माझ्या आजीने, मावशीच्या लग्नात घातलेल्या. "त्या तरी आपल्या ना?" नाही. कलम 15 मध्येच एक पोटकलम आहे. आईवडिलांकडून वारसाहक्काने आलेली मालमत्ता, मुलंबाळं नसतील तर, वडिलांच्या वारसांकडे परत जाते. पण ते फक्त वारसाहक्काने आलेल्याला लागू. जिवंतपणी हौसेने दिलेली भेट ती बाईची स्वतःची, आणि मग ती नवऱ्याच्या वारसांकडे. आजीने पाटल्या लग्नात न घालता स्वतःच्या पेटीत ठेवल्या असत्या आणि तिच्यामागे मावशीला मिळाल्या असत्या, तर त्या परत आमच्याकडे आल्या असत्या. हे आईला मी समजावू शकले नाही, आणि खरं सांगायचं तर मनापासून समजावावं असंही वाटलं नाही.

ग्वाल्हेरच्या घराचा हिस्सा मात्र याच पोटकलमाने आमच्या बाजूला राहिला. आजोबांनी स्वतः घेतलेली जागा, तेही मृत्युपत्राविना गेलेले, त्यामुळे मावशीला तो हिस्सा वारसाहक्काने आला होता. तो आता आजोबांच्या वारसांकडे, आई आणि मामा दोघांना सारखा. एकाच बाईची मालमत्ता, कुठून आली त्यावरून दोन दिशांना गेली.

आत्यांना भेटायला रात्रीच्या गाडीने ग्वाल्हेरला गेले. सगळी कागदपत्रं, बँकेच्या पावत्या, लॉकर उघडताना दोन साक्षीदारांसमोर केलेली यादी, सगळं पिशवीत. लेकीने चहा ठेवला. आत्यांनी कानाला यंत्र लावलं आणि मी तासभर मोठ्याने बोलले. त्यांना हे काहीच माहीत नव्हतं. शेवटी म्हणाल्या, "वहिनीने तुला द्यायचं म्हटलं होतं ना? मग तू घे. मला काय करायचंय या वयात?"

एवढ्यावर गोष्ट संपायला हवी होती. पण आता आयकर आडवा आला. कॉलनीतल्या सीए काकांनी सांगितलं की नातेवाइकांकडून आलेल्या भेटीवर कर नाही, पण 'नातेवाईक' कोण ते कायद्यात नावानिशी ठरवलंय. आईवडिलांची भावंडं त्यात आहेत, म्हणजे मावशीने हयातीत दिलं असतं तर कर नव्हता. मृत्युपत्राने दिलं असतं तरी नव्हता. मावशीची नणंद मात्र माझी कुणीही नाही. तिने 50,000 च्या वर काहीही दिलं, पैसे असोत की सोनं, तर ते सगळंच्या सगळं माझं उत्पन्न धरून त्यावर कर लागणार. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा आला, कलमांचे आकडे बदलले, ही अट राहिली. हक्कत्याग पत्र करता येईल का, असंही विचारून झालं. वकीलबाई म्हणाल्या, हक्कत्याग सहवारसाच्या नावे होतो. तुम्ही वारसच नाही, मग ते दानपत्र ठरेल आणि त्यावर मुद्रांक शुल्क वेगळं.

आम्ही मग सरळ मार्ग धरला. ठेवींचे पैसे मी आत्यांच्या खात्यात वळते केले. बँकेतून बँकेत, लेखी पोच घेऊन. मावशीच्या शेवटच्या आजारपणात आणि अंत्यविधीला मी केलेला खर्च आत्यांनी बिलं बघून परत दिला. ती भेट नव्हे, मृताचं देणं. त्यात मी शाल आणि तेराव्याचं जेवण धरलं नव्हतं. आत्यांनी ते विचारून विचारून घालायला लावलं.

इकडे देवासकर स्वस्थ नव्हते. घराच्या नामांतरणासाठी नगर निगमाच्या झोन कार्यालयात आत्यांच्या नावाने अर्ज केला : मृत्यूचा दाखला, वारसांचं शपथपत्र, घराची रजिस्ट्री, संपत्ती कर भरल्याच्या पावत्या. वर्तमानपत्रात जाहीर सूचना दिली, आक्षेप असतील तर कळवा म्हणून. पुतण्याचा आक्षेप आला. त्याने लिहिलं होतं की मी आजारी बाईला फसवून नॉमिनी झाले आणि आता म्हाताऱ्या आत्यालाही फसवते आहे.

नामांतरण थांबलं म्हणजे घर गेलं, असं आईला वाटून रात्रभर झोप नाही. खरं तर नामांतरण ही फक्त कर कुणाकडून वसूल करायचा याची नोंद. त्याने मालकी येत नाही आणि जातही नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे अनेकदा सांगितलंय, 2021 मधला जितेंद्र सिंह यांचा खटला तर आपल्या मध्य प्रदेशातलाच. पण आक्षेप आला की झोनचे बाबू म्हणतात कोर्टाचा आदेश आणा. त्यांचंही बरोबर आहे, वारस कोण हे ठरवणं त्यांचं काम नाही.

वकीलबाईंनी दावा लावायच्या आधी मध्यस्थीचा अर्ज केला. नोव्हेंबरच्या त्याच निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की माहेरचे लोक अशा मालमत्तेवर हक्क सांगत असतील तर खटल्याआधी मध्यस्थी व्हायलाच हवी. आमचं भांडण तसं त्या चौकटीतलं नव्हतं, इथे दोन्हीकडे सासरचेच. पण विधिक सेवा प्राधिकरणात खटल्याआधीची मध्यस्थी कुणालाही मागता येते आणि तिला फी नाही. नोटीस गेली. पुतण्या येणार नाही असं मला वाटत होतं. तो आला, सोबत देवासचे वकीलही आणले.

मध्यस्थ म्हणून एक निवृत्त न्यायाधीश होते. एका टेबलाभोवती आम्ही, आणि आत्या व्हिडिओ कॉलवर, लेकीने फोन धरलेला. पहिला अर्धा तास पुतण्याने काकांनी घर बांधायला कसे पैसे दिले ते सांगितलं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "समजा दिले. सगळं घर काकांचं धरू. तरी तुमच्या आधी कोण येतं?" आणि अनुसूचीचं पान त्याच्या वकिलांकडे सरकवलं. वकिलांनी वाचलं. परत वाचलं. मग ते पुतण्याला घेऊन व्हरांड्यात गेले.

तेवढ्यात आत्या फोनवरून मोठ्याने म्हणाल्या, "तो काय म्हणतोय? त्याला सांगा, दादाची स्कूटर पाहिजे असेल तर घेऊन जा." काकांची जुनी बजाज अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. आणि गंमत बघा, पुतण्याला ती खरंच हवी होती. लहानपणी त्याच स्कूटरवर पुढे उभं राहून काकांबरोबर तो राजवाड्यापर्यंत जायचा म्हणे. आक्षेप मागे घेतल्याचं त्याने लिहून दिलं. स्कूटर कागदावर आत्यांकडून त्याच्याकडे गेली. मध्यस्थीतल्या समझोत्यावर सह्या झाल्या. त्या दिवसानंतर त्याच्याबद्दल माझ्या मनात पूर्वीइतकी अढी राहिली नाही. फार प्रेम आहे असंही नाही.

त्यानंतर झोनमधून नामांतरण निघालं. संपत्ती कराच्या खात्यावर आता आत्यांचं नाव आहे.

उरलं ते पाटल्यांचं आणि पुढचं. आत्या आता हुशार झाल्या होत्या. म्हणाल्या, "मी गेल्यावर पुन्हा हे सगळं नको." त्यांना लेक आहे, त्यामुळे त्यांच्या बाबतीत कलम 15 ची भीती तशी नाही, सगळं लेकीकडेच जाईल. पण मोहनमाळ लेकीला आणि पाटल्या मला द्यायच्या, आणि मृत्युपत्राने आलेल्यावर कर नाही, हे त्यांनी लक्षात ठेवलं होतं. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही. नोंदणीची सक्तीही नाही. साध्या कागदावर लिहिलं तरी चालतं, फक्त दोन साक्षीदारांनी आत्यांना सही करताना पाहून स्वतः सह्या करायला हव्यात. तरी वकीलबाईंनी नोंदणी करायचा आग्रह धरला, आणि साक्षीदार वयाने लहान घ्या म्हणाल्या, कारण पुढे वाद झाला तर कोर्टात त्यांच्यापैकी निदान एकाने उभं राहावं लागतं. मध्य प्रदेशात ऑक्टोबर 2024 पासून नोंदणी 'संपदा 2.0' या सरकारी पोर्टलवर होते. ग्वाल्हेरच्या उपपंजीयक (दुय्यम निबंधक) कार्यालयाची वेळ तिथूनच घेतली. डॉक्टरांकडून आत्यांची समज शाबूत असल्याचा दाखला घेतला. यावर त्या जरा रागावल्या.

मुंबईहून मामाचा फोन आला, प्रोबेटशिवाय, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचं कोर्टाकडून प्रमाणित करून घेतल्याशिवाय, त्याला काही किंमत नाही म्हणून. त्याच्या मुंबईत ते खरं होतं. इंदूर-ग्वाल्हेरला ती सक्ती कधीच नव्हती, आणि डिसेंबर 2025 मध्ये संसदेने 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यातलं ती सक्ती करणारं कलम 213 च काढून टाकल्यामुळे आता मुंबईतही राहिली नाही. मामाला हे पटलेलं नाही. तो त्याच्या वकिलांना विचारणार आहे.

ग्वाल्हेरच्या घराच्या हिश्शाचं आई आणि मामाने अजून काही केलेलं नाही. मी फाइल करून ठेवली आहे, आजोबांच्या मृत्यूच्या दाखल्यासकट. आमच्या महिला मंडळात तीन बायका अशा आहेत की ज्यांना मूल नाही आणि नवराही नाही. त्यांतल्या दोघी येत्या सोमवारी माझ्याबरोबर वकीलबाईंकडे येताहेत. तिसरी म्हणाली, तिचं सगळं बँकेत भाचीच्या नावावर नॉमिनी करून झालंय. आता 1 नोव्हेंबर 2025 पासून ठेवीवर चार नॉमिनी टक्केवारीसकट घालता येतात, तेही तिने करून टाकलंय. तिला मी दावा अर्जातली ती ओळ फोटो काढून पाठवली आहे. दोन निळ्या खुणा दिसताहेत, उत्तर अजून नाही.